पाहुणे नसतानाही जे होतं

मी मोरिवलीत राहते, अंबरनाथच्या एमआयडीसीला लागून असलेल्या गावात. माहेर बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या वाटेवर. तिथे भावाने भाताच्या शेताकडेला पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, तेव्हापासून शनिवार-रविवारी येणाऱ्या मंडळींची संध्याकाळ माझ्याकडे आहे. जेवण वहिनी बघते, हिशेब भाऊ बघतो. इथलं काय दाखवायचं, कुणाला बोलवायचं, कुणाला काय द्यायचं, हे मी ठरवते.

हा धंदा आमच्याकडे नवा नाही. अंबरनाथहून रेल्वेने चार स्टेशनं पुढे नेरळला सगुणा बाग कितीतरी वर्षांपासून आहे. बारामतीजवळ पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी 2005 मध्ये कृषी पर्यटन सुरू केलं आणि शेकडो शेतकऱ्यांना त्याची वाट दाखवली. 2020 मध्ये सरकारने धोरण आणलं, आणि आता कर्जत, मुरबाड, बदलापूर या पट्ट्यात दर वळणावर एक पाटी दिसते. त्या पाट्यांवर स्विमिंग पूल आणि रेन डान्सच्या खाली एक ओळ हमखास असते: पारंपरिक सांस्कृतिक कार्यक्रम. या ओळीखाली काय यावं आणि काय येऊ नये, याबद्दल मला जे कळलं ते लिहिते. नव्याने खोल्या बांधणाऱ्यांनी वाचावं, आणि पाहुणे म्हणून येणाऱ्यांनीही.

1. पहिला प्रश्न: हे पाहुणे नसतानाही होतं का?

दुबईला भाच्याकडे गेले होते तेव्हा त्याने मोठ्या हौसेने वाळवंटातल्या कॅम्पवर नेलं. उंटावर बसवलं, हातावर मेंदी काढली, मग गालिच्यांवर बसून नाच पाहिले. आधी घेरदार रंगीत झगा घालून गिरक्या घेणारा तनुरा, नंतर बेली डान्स. लोक खूश होते. दोन दिवसांनी भाच्याच्या ओळखीतल्या एका स्थानिक बाईंशी बोलणं झालं, तेव्हा कळलं की तनुरा इजिप्तचा आणि बेली डान्सही तिकडूनच आलेला. अमिरातीतल्या लोकांचा स्वतःचा नाच म्हणजे अयाला. पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, हातात बांबूच्या बारीक काठ्या असतात, ढोलाच्या ठेक्यावर कवितेच्या ओळी म्हणत त्या डोलतात. लग्नात होतो, राष्ट्रीय सणाला होतो. युनेस्कोने 2014 मध्ये अमिरात आणि ओमान या दोघांच्या नावाने तो वारशाच्या यादीत घेतला आहे. ज्यांच्या वाळूवर आम्ही संध्याकाळभर बसलो होतो, त्यांचं स्वतःचं काहीच आम्ही पाहिलं नव्हतं.

तिकडून परतल्यावर आमच्या पट्ट्यातल्या भिंती मला वेगळ्या दिसायला लागल्या. कर्जतपासून मुरबाडपर्यंत रिसॉर्टच्या फाटकावर वारली चित्रं असतात, आणि शनिवारी रात्री तारपा लागतो, बहुतेक वेळा स्पीकरवरून. वारली चित्रकला थोर आहे, यात शंका नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2014 मध्ये कलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पण वारल्यांची गावं डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडे. बदलापूरहून डहाणू शंभर किलोमीटरहून लांब. आमच्या शेताच्या बांधापलीकडे ठाकरवाडी आहे, ओढ्याच्या अंगाला कातकरी वाडी आहे, आणि आम्ही स्वतः आगरी. या तिघांचं काही भिंतीवर नाही, अंगणात नाही. मुंबईचा पाहुणा रात्रभर आमच्यात राहून जातो आणि शेजारी कोण राहतं ते त्याला कळतही नाही.

वारली चित्रकाराला बोलवावं, जरूर बोलवावं. पण डहाणूहून बोलवावं, त्याच्या नावाने पाटी लावावी, आणि ही कला कुठली, हे त्याच्याच तोंडून पाहुण्यांना ऐकवावं. छापील स्टिकर भिंतीला डकवून त्याला आपली परंपरा म्हणू नये.

2. कार्यक्रमपत्रिका ऋतूकडून घ्यावी

पाहुण्यांना वर्षभर एकच संध्याकाळ देणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. आमच्याकडे ते चालत नाही, कारण आमच्याकडे वर्षभर एकच गोष्ट कधीच होत नाही.

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की शेवळं येतात. ठाकरणी आणि कातकरणी पहाटे रानात जाऊन ती खुडतात आणि बदलापूर, अंबरनाथ, कल्याणच्या स्टेशनबाहेर वाटे लावून बसतात. पाहुण्यांना मी या बायकांसमोर बसवते. शेवळाचं वरचं आवरण कसं काढायचं, आतला पिवळा भाग का टाकायचा, तो राहिला तर घसा कसा खाजतो, आणि खाज मारायला आंबट काकडं का घालायची, हे त्या हाताने दाखवतात. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली, कोवळा बांबू. या शिकवण्याचे त्यांना पैसे मिळतात, भाजीचे वेगळे. जूनच्या एका सकाळी एवढं झालं की संध्याकाळी वेगळा कार्यक्रम लागत नाही. त्याच महिन्यात बदलापूरची जांभळं असतात, त्यांनाही आता भौगोलिक मानांकन आहे.

जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी. पाहुण्यांना चिखलात उतरायची फार हौस असते आणि ती पुरवावी. मात्र आवणीला माणसं रोजावर लावलेली असतात, पाऊस बघून दिवस ठरलेला असतो, आणि राबावर वाढवलेली रोपं उपटून मुठी बांधून ठेवलेल्या असतात. त्या रांगेत शहरातली मंडळी शिरली की काम अडतं, रोपं तिरकी लागतात, बायका अवघडतात. म्हणून भावाने रस्त्याकडेचं एक छोटं खाचर पाहुण्यांसाठी सोडलं आहे. तिथे हवं तसं लावावं, पडावं, उठावं. खऱ्या आवणीकडे बांधावरून बघावं आणि बायका गाणं म्हणत असतील तर गप्प राहून ऐकावं.

थंडीत पोपटी. हिवाळ्यात पाहुणे हुरडा मागतात, कारण हुरडा पार्टी सगळ्यांना माहीत झाली आहे. हुरडा ज्वारीचा, तो सोलापूर-नगरकडचा. आमच्याकडे भात कापून झाल्यावर त्याच जमिनीच्या ओलीवर वाल येतो, आणि वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर शेंगांचा थर, जाडं मीठ, ओवा, मधे बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा. तोंड पाल्याने घट्ट कोंबून बंद करायचं आणि मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि सुकी लाकडं रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही, सगळं शेंगांच्या अंगच्या ओलाव्यात शिजतं. झालं की नाही, हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं. थेंब चर्र करून क्षणात उडाले की काढायचं. भांबुर्ड्याचा तो उग्र वास शेंगांत मुरलेला असतो. मडकं उघडतं तेव्हा पाहुणे आपोआप गोल करून बसतात. त्या वेळी मी कुठलंही संगीत लावू देत नाही. पोपटीभोवती गप्पा होतात, आमची म्हातारी माणसं त्यात बोलू लागतात, आणि दर वेळी तोच सगळ्यात चांगला कार्यक्रम ठरतो.

ऋतूची एक कठीण बाजूही आहे, ती पाहुण्यांना सांगायलाच हवी. हिवाळा म्हणजे आमचा हंगाम, त्याच दिवसांत कातकरी वाडी रिकामी होते. दिवाळीनंतर घरंच्या घरं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही बरोबर जातात, शाळा सुटते. एके काळी हे लोक खैराच्या लाकडापासून कात काढत, जंगलाचे कायदे आले आणि तो धंदा गेला. राजस्थानच्या कालबेलियांचं असंच झालं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर साप बाळगणं बंद झालं आणि त्यांचा नाच त्यांच्या पोटाचा आधार बनला. 2010 मध्ये युनेस्कोने तो नाच यादीत घेतला. कातकऱ्यांना असा कुठलाच आधार मिळाला नाही. जानेवारीत कुणी मला 'आदिवासी नृत्य ठेवा ना' म्हणतं, तेव्हा मी त्यांना त्या कुलुपं लागलेल्या झोपड्यांसमोरून नेते आणि नाचणारे कुठे गेलेत ते सांगते. काहींना ते आवडत नाही. सुट्टीत असलं काही ऐकायला आलो नाही, असंही ऐकून घेतलं आहे. तरी सांगते.

3. देवाचं ते देवाला

माझी आत्या धवलारीन. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून लग्न लागेपर्यंत दर विधीला तिने धवला म्हणायचा. त्यात गणपतीला बोलावणं असतं, गावदेवीला असतं, पूर्वजांना असतं. देव मांडवात आल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. भावाने खोल्या सुरू केल्या तेव्हा एका टूरवाल्याने सुचवलं की नवरा-नवरी सजवून पाहुण्यांपुढे खोटं लग्न लावू, आत्या गातील, पाहुणे अक्षता टाकतील. शहरात लोक याला चांगले पैसे देतात, हे खरंच आहे.

आत्या शांतपणे म्हणाली, "त्यो देवाचा हाय, खेलाचा नाय."

आम्ही ते तिथेच सोडलं. नंतर तिनेच वाट काढली. हळदीच्या रात्री बायका एकमेकींना चिडवत जी गाणी म्हणतात ती म्हणायला तिची ना नव्हती. जात्यावरची म्हणायला नव्हती. लग्न लागतानाचा धवला मात्र तिने मांडवाबाहेर कधी काढला नाही. पाहुण्यांनी विचारलं तर ती सांगते, धवला असतो, कशासाठी असतो, आणि ऐकायचा असेल तर लग्नाला या. काहीजण खरंच आले. हळदीला जेवले, मांडवात पाठीमागे बसले, आहेर देऊन गेले. त्यांना जे मिळालं ते अंगणातल्या देखाव्यात मिळालं नसतं.

वारल्यांतही अशी रेघ आहे. लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने लिहितात, त्यात पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते. तो चौक त्या घरचा आणि त्या लग्नाचा. विकायची चित्रं कागदावर आणि कापडावर वेगळी. ही रेघ कुठे आहे हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. यजमानाने विचारावं, आणि 'नाही' म्हटलं की कारण मागू नये.

4. बिदागी आधी ठरवावी, त्याच रात्री हातात द्यावी

जैसलमेरला आमची आगरी मंडळींची सहल गेली होती, तेव्हा सम गावच्या वाळूत मांगणियार ऐकले. कमायचा वाजवणारा वृद्ध माणूस डोळे मिटून गात होता. समोरून हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या चिठ्ठ्या येत होत्या, आणि तो ती गाणीही गात होता. मांगणियार मुसलमान, त्यांचे पिढीजात यजमान बहुतेक राजपूत. यजमानाच्या घरी मूल झालं, लग्न झालं की मांगणियाराने जायचं, त्या घराण्याची वंशावळ म्हणायची. त्याबद्दल धान्य, जनावर, पैसा मिळणं हा त्याचा हक्क. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी 1960 मध्ये बोरुंदा गावी रूपायन संस्था काढली आणि कोठारींनी ही नाती, ही गाणी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून नोंदवली. कोण कुणासाठी गातो हे आधी समजून घेतलं, मग कलाकारांना मंचावर आणलं. परदेशीही नेलं.

यजमान असण्याची जबाबदारी आता आमच्यासारख्यांवर आली आहे, असं मी मानते. म्हणून आमच्याकडचे नियम पक्के आहेत. बिदागी आधी ठरते, ती ठाकरवाडीतल्या जाणत्यांशी बसून. माणशी सारखी, बायांना आणि पुरुषांना एकच, ढोल वाजवणाऱ्याला थोडी जास्त. पाहुणे आले नाहीत, पाऊस पडला, बुकिंग रद्द झालं, तरी ठरलेली रक्कम मिळते. कार्यक्रमाआधी सगळे आमच्या ओटीवर बसून जेवतात, पाहुणे खातात तेच. उरलेलं नाही, मागच्या दाराने नाही. पाहुण्यांपैकी कुणी वरून नोटा उधळू लागला तर मी उठून हात धरते. द्यायचंच असेल तर नारळाबरोबर ताटात ठेवावं, ते सगळ्यांत वाटलं जातं.

हे लिहितेय कारण आमच्याच पट्ट्यात कलाकारांना महिना-महिना 'पुढच्या वेळी देतो' म्हणून थांबवल्याचं मी ऐकलं आहे, आणि रात्री बारा वाजता जीप नाही म्हणून बायका-पोरांना चालत वाडीवर परतलेलं पाहिलं आहे. न्यायची-आणायची गाडी हा बिदागीचाच भाग धरावा.

5. फोटो

विचारून काढावा. लहान मुलींचे काढू नयेत. नाच चालू असताना मधे उभं राहून स्वतःचा तर मुळीच नाही. सुरुवातीची पाच मिनिटं फोटोंसाठी देते, मग फोन टोपलीत. ती टोपली ठाकरांनीच विणलेली आहे.

6. ढोल शेकेपर्यंत थांबावं

ठाकरांचा ढोल कातड्याचा. पावसाळ्यात, आणि गौरी-गणपतीच्या दिवसांत तर हमखास, कातडं सैल पडतं. वाजवायच्या आधी तो जाळाजवळ धरून शेकावा लागतो. वाजवणारे बाबा एकदा शेकतात, बोटांनी टिचकी मारून आवाज घेतात, मान हलवतात, पुन्हा शेकतात. दुसऱ्या बाजूचा आवाज वेगळा लागायला हवा, तो वेगळा शेकतात. यात अर्धा तास सहज जातो. त्या वेळात काय करायचं, हे पाहुण्यांना कळत नाही. सुरुवातीला मला 'कधी सुरू होणार' असं विचारायचे. आता मी त्यांनाच जाळाभोवती बसवते आणि सांगते की कार्यक्रम सुरू झालाय. कातडं ताणत जातं तसा आवाज चढत जातो, तो फरक ज्यांनी कान देऊन ऐकला, त्यांना पुढचा नाच निराळाच ऐकू येतो.

ढोल सुरू झाल्यावर ठाकर नाचतात ते एकमेकांसाठी. साखळी धरतात, वळतात, पुढचा मागच्याला काहीतरी बोलतो, हसतात. प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहायची त्यांना सवय नाही, आणि ती लावायला मी साफ नकार दिला आहे. एका कार्यक्रम व्यवस्थापकाने त्यांना ओळीत उभं करून 'समोर बघून हसा' म्हणून पाहिलं. अशा वेळी बाबा ढोल खाली ठेवतात. त्यांना पाठीशी घालणं माझं काम.

पाहुण्यांनी नाचात शिरावं का? बोलावलं तर शिरावं. बहुतेक वेळा म्हाताऱ्या आजी स्वतः येऊन कुणाचा तरी हात धरतात. ज्याचा धरला त्याने जावं.

7. कारखान्यांच्या गावातही दाखवण्यासारखं असतं

मोरिवली म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते, रसायनांचा वास आठवतो. त्यात खोटं काही नाही. माझ्या पिढीच्या आधीच अंबरनाथ कारखान्यांचं झालं. 1920 नंतरच्या दशकात स्वीडिश कंपनीचा काडेपेट्यांचा विमको कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी, मग एमआयडीसी. आमच्या जमिनी गेल्या, आमची माणसं पाळीवर कामाला लागली. विमकोचा भोंगा झाला की स्वयंपाक उरकायचा, असं माझी सासू सांगते.

पाहुण्यांना बदलापूरला नेताना मी अंबरनाथला उतरवते. शिवमंदिर बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख त्यात आहे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात ते पुरं झालं. भूमिज शैलीचं, बाहेरच्या भिंतींवर मूर्तीच मूर्ती, आणि गाभारा मंडपापेक्षा खाली, पायऱ्या उतरून जायचा. वर शिखराचं तोंड उघडं आहे, त्यातून उजेड थेट पिंडीवर येतो. शेजारून वालधुनी वाहते. ती काळी का झाली, हे पाहुण्यांची मुलं विचारतात, आणि मी त्यांना खरं ते सांगते. नऊशे वर्षांहून जुनं दगडी काम आणि पन्नास-साठ वर्षांत नासलेलं पाणी एकाच जागी उभं राहून दिसतं. सौंदर्य तेवढं दाखवून नदीकडे पाठ करायची, हे मला पटत नाही.

गावात भजनी मंडळ आहे. मृदंग, टाळ, पेटी. कारखान्यातून सुटलेली माणसं आंघोळ करून देवळात येतात आणि रात्री उशिरापर्यंत गातात. आगऱ्यांत वारकरी वळण खोल गेलेलं आहे. हरिपाठ पाठ नाही असा म्हातारा माणूस आमच्या आळीत सापडणं कठीण. यातलं काहीही पाहुण्यांसाठी होत नाही, म्हणूनच मी दोन-चार जणांना तिथे नेते. चपला बाहेर, मागच्या भिंतीला टेकून बसायचं, आरतीला उभं राहायचं, प्रसाद घ्यायचा. मंडळाला आधी कळवलेलं असतं. पाहुणे आले म्हणून त्यांनी ना लवकर सुरू केलं, ना एक अभंग कमी केला. परवा एक बाई म्हणाल्या की त्यांचे वडील परळच्या चाळीत असंच गायचे, गिरणीतून आल्यावर. त्या आरतीपर्यंत रडत होत्या. मृदंग वाजवणाऱ्याने नंतर त्यांच्या वडिलांचं गाव विचारलं, आणि बोलता बोलता ओळख निघाली.

8. डीजे

नाही. बुकिंगच्या वेळीच सांगायचं. काही गिऱ्हाइकं जातात, ती जाऊ द्यावीत. बदलापूरच्या रस्त्यावर त्यांच्यासाठी पुष्कळ जागा आहेत. आमच्या पलीकडच्या वाडीत रात्री नऊला माणसं झोपतात, त्यांना पहाटे उठायचं असतं.

9. स्वागत साधं, पण घरचं

आखाती देशांत पाहुणा आला की गहवा, म्हणजे अरबी कॉफी देतात. लहान वाटी, ती काठोकाठ भरत नाहीत, उजव्या हाताने द्यायची-घ्यायची, पुरे झालं की वाटी हलवून दाखवायची. हेही 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. दुबईच्या त्या कॅम्पवर आम्हाला प्लास्टिकच्या कपात सरबत मिळालं होतं. ज्या बाईंनी मला अयालाबद्दल सांगितलं, त्यांच्या घरी गहवा मिळाला, आणि वाटी कशी धरायची ते त्यांच्या लहान मुलाने शिकवलं. त्या संध्याकाळी मला त्यांचा देश भेटला, असं वाटलं.

आमच्याकडे फाटकात तुतारी नाही, फेटे नाहीत. फेटे आगऱ्यांचे नाहीत आणि तुतारीवाला पुण्याहून आणावा लागेल. पाहुणा आला की पाय धुवायला पाणी, प्यायला तांब्याभर पाणी, मग चहा आणि तांदळाच्या पिठाची बोरं. बोरं आमच्या लग्नातली, वहिनी घरी करते. कुठल्याही नातेवाइकाला जे मिळतं ते.

10. पुढच्यांचं बघावं

आत्याचं वय झालं. तिच्यामागे धवला म्हणणारी आमच्या घरात कुणी नव्हती. माझी भाची, भावाची धाकटी, पाहुण्यांसमोर हळदीची गाणी म्हणताना आत्याच्या शेजारी बसायची, कोरस धरायची. पाहुणे तिला विचारायचे, हे कुठलं गाणं, अर्थ काय. उत्तर द्यायला तिला आत्याला विचारावं लागायचं. असं करत करत ती आता मांडवाचे धवलेही शिकते, घरात, दार लावून, पाहुण्यांच्या नजरेआड. गेल्या लग्नसराईत आत्याने तिला पहिल्यांदा मांडवात शेजारी बसवून घेतलं.

वाडीतल्या बाबांचा नातू बारावी करून बदलापूरला मोबाइलच्या दुकानात लागला आहे. शनिवारी ढोल उचलायला येतो, बिदागीचा हिस्सा घेतो, आणि शेकायचं काम आता बाबा त्याच्याकडे देऊ लागलेत. त्याने यंदा मला सांगितलं की गौरीचा नाच आमच्या अंगणात नको, वाडीतच ठेवू. पाहुण्यांनी तिकडे चालत यावं, बॅटरी घेऊन, पंधरापेक्षा जास्त नकोत, आणि किती वाजता ते वाडी ठरवेल. भाऊ आधी थोडा कुरकुरला, पंधराच म्हणजे दोन खोल्या रिकाम्या राहतील म्हणून. मग त्यानेच बुकिंगच्या संदेशात ओळ घातली: गौरीचा नाच वाडीत होईल, वाडीने नाही म्हटलं तर होणार नाही, पैसे मात्र वाडीला दिले जातील. आत्तापर्यंत नऊ जणांनी नाव दिलं आहे.